व्हेनिस : पर्यटकांच्या गर्दीत विद्यार्थ्यांना गवसणारे दुसरे शहर

सकाळी आठच्या सुमारास मेस्त्रेहून निघालेली गाडी खाडीवरील पूल ओलांडून व्हेनिसच्या सांता लुचिया स्थानकात येते. सारे प्रवासी एकाच दारातून बाहेर पडतात. समोर ग्रँड कॅनॉलचे हिरवट पाणी आणि पलीकडच्या काठावर तांबटलेल्या घुमटाचे चर्च असते. स्थानकाच्या रुंद पायऱ्यांवर मात्र गर्दीचे दोन प्रवाह होतात. चाकांच्या बॅगा ओढत आलेले पर्यटक पहिल्याच पायरीवर थबकतात आणि मोबाइल उंचावतात. पाठीवर पुस्तकांची पिशवी अडकवलेले तरुण त्यांच्यामधून वाट काढत, पाण्याकडे न पाहताच डावीकडे सान जोब्बेच्या दिशेने किंवा पूल ओलांडून तोलेंतीनीकडे निघून जातात. त्यांचे वर्ग सुरू होण्याच्या बेतात असतात.

या दुसऱ्या प्रवाहात जगाच्या अनेक देशांतून शिक्षणासाठी आलेले विद्यार्थी असतात आणि त्यांत भारतीयही असतात. जगातील सर्वाधिक छायाचित्रे काढल्या जाणाऱ्या शहरांपैकी एकात ते राहायला आलेले असतात. तेथे पोहोचल्यावर त्यांच्यापुढचे प्रश्न मात्र अगदी साधे असतात : खोली कोठे मिळेल, भाजी कोठे घ्यावी, कचरा केव्हा बाहेर द्यावा आणि शेजाऱ्याशी कोणत्या भाषेत बोलावे. पर्यटकांसाठी सजलेल्या शहरात या प्रश्नांची उत्तरे सहजासहजी मिळत नाहीत. ती का मिळत नाहीत आणि अखेरीस कोठे मिळतात, हे समजून घेतल्यास परदेशी शिक्षणाची माहितीपत्रकांत न दिसणारी बाजू उलगडते.

घटती वस्ती, वाढत्या खाटा

व्हेनिस हे खाडीतील शंभराहून अधिक लहान बेटांवर वसलेले आणि चारशेहून अधिक पुलांनी जोडलेले शहर आहे. येथे मोटारी नाहीत, दुचाकी नाहीत. जायचे ते पायी किंवा बोटीने. 1951 मध्ये या ऐतिहासिक बेटांवर सुमारे 1 लाख 75 हजार लोक राहत होते. ऑगस्ट 2022 मध्ये ही संख्या 50 हजारांखाली गेली आणि त्यानंतरही ती घटतच राहिली. रिआल्तो पुलाजवळच्या एका औषधाच्या दुकानाच्या खिडकीत 2008 पासून रहिवाशांची संख्या दाखवणारा फलक लावलेला आहे. आपल्या शहराची वस्ती किती उरली, हे येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्यावर वाचता येते.

दुसरीकडे, दरवर्षी व्हेनिसला भेट देणाऱ्यांची संख्या दोन ते तीन कोटींच्या घरात असल्याचे अंदाज सांगतात. त्यांतील बहुसंख्य लोक सकाळी येतात, सान मार्को चौक आणि रिआल्तो पूल पाहतात आणि सायंकाळी परततात. 2023 मध्ये शहरातील पर्यटकांसाठीच्या खाटांची संख्या रहिवाशांच्या संख्येपेक्षा अधिक झाल्याचे तेथील नागरी संघटनांनी निदर्शनास आणले. प्रत्येक रहिवाशामागे पाहुण्यासाठी किमान एक खाट असलेले हे शहर आहे.

या दोन आकड्यांच्या मध्ये विद्यार्थ्यांचा तिसरा आकडा येतो. 1868 मध्ये व्यापारविषयक उच्च शिक्षणाची शाळा म्हणून स्थापन झालेल्या का फोस्कारी विद्यापीठात आज 20 हजारांहून अधिक विद्यार्थी शिकतात. 1926 मध्ये सुरू झालेले वास्तुरचनेचे इउआव विद्यापीठ, ललित कला अकादमी आणि संगीत विद्यालय यांचे विद्यार्थी वेगळेच. बेटांवरील वस्तीशी तुलना केली, तर ही संख्या किती मोठी आहे हे ध्यानात येते. हे विद्यार्थी रहिवाशांच्या गणतीत सहसा नसतात आणि पर्यटकांच्याही नसतात. तरीही ऑक्टोबरपासून जूनपर्यंत शहराच्या गल्ल्यांत, ग्रंथालयांत आणि चौकांत रोज दिसणाऱ्या चेहऱ्यांत त्यांचा वाटा मोठा असतो.

खोलीचे गणित

परदेशात शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याची पर्यटननगरीशी पहिली गाठ पडते ती घराच्या शोधात. व्हेनिसमध्ये हा शोध अवघड होण्यामागे साधे आर्थिक गणित आहे. विद्यार्थी महिन्याचे भाडे देतो, पर्यटक रात्रीचे. हंगामातील मोजक्या रात्रींचे उत्पन्न विद्यार्थ्याच्या महिन्याभराच्या भाड्याएवढे होत असेल, तर घरमालकाचा कल कोणीकडे झुकेल हे सांगावे लागत नाही.

कायद्याची रचनाही याच दिशेने झुकलेली आहे. इटलीतील 1998 च्या भाडेकरार कायद्यानुसार विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी सहा महिने ते तीन वर्षे मुदतीच्या विशेष कराराची सोय आहे. सर्वसाधारण निवासी करार मात्र चार वर्षांचा असून तो आणखी चार वर्षांनी वाढतो. एकदा भाडेकरू आला की घर दीर्घकाळ त्याच्याकडे राहणार, ही अनेक मालकांना अडचण वाटते. तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीच्या भाड्यासाठी करार नोंदवण्याचीही गरज नसते. त्यामुळे घर मोकळे ठेवण्याचे स्वातंत्र्य आणि अधिक उत्पन्न हे दोन्ही लाभ पर्यटकांना घर देण्यात मिळतात. काही घरमालक मधला मार्ग काढतात. शैक्षणिक वर्षात घर विद्यार्थ्यांना देतात आणि उन्हाळ्यात ते रिकामे करून घेऊन पर्यटकांसाठी खुले करतात. अशा घरातील विद्यार्थ्याला परीक्षेच्या ऐन मोसमात पुन्हा खोली शोधावी लागते.

2022 मध्ये इटलीच्या संसदेने व्हेनिसला अल्पमुदतीच्या भाड्यावर मर्यादा घालण्याचा विशेष अधिकार दिला. त्याचा वापर किती आणि कसा व्हावा, हा शहरातील राजकीय वादाचा विषय राहिला आहे. घरभाड्याचा प्रश्न एकट्या व्हेनिसचा नाही. मे 2023 मध्ये मिलानच्या तंत्रविद्यापीठासमोर तंबू ठोकून सुरू झालेले विद्यार्थ्यांचे आंदोलन काही दिवसांतच रोमसह इतर शहरांत पसरले होते.

करोना महासाथीच्या काळात हे गणित काही काळ उलटे झाले. पर्यटक येईनासे झाल्याने शेकडो घरे रिकामी पडली. 2020 मध्ये विद्यापीठे आणि पर्यटकांना घरे देणारे मालक यांच्यात बोलणी होऊन ती घरे विद्यार्थ्यांना भाड्याने देण्याची योजना पुढे आली. तोवर शहरात परवडणारी घरे नाहीत, असे सांगितले जात होते. घरे होती, ती विद्यार्थ्यांच्या वाट्याला येत नव्हती, हे त्या वर्षी दिसून आले.

पुलापलीकडील मेस्त्रे

परिणामी अनेक विद्यार्थी मुख्य भूमीवरील मेस्त्रे येथे राहतात. प्रशासकीयदृष्ट्या मेस्त्रे व्हेनिस महापालिकेचाच भाग आहे आणि पालिकेच्या सुमारे अडीच लाख लोकसंख्येपैकी बहुतांश लोक मुख्य भूमीवरच राहतात. 1846 मध्ये खुला झालेला रेल्वेपूल आणि 1933 मध्ये त्याला लागून बांधलेला रस्त्याचा पूल बेटांना मुख्य भूमीशी जोडतात. रेल्वेने हे अंतर दहा-बारा मिनिटांत पार होते. 2015 पासून ट्रामही सुरू आहे.

स्वप्नातील व्हेनिस डोळ्यांसमोर ठेवून आलेल्या विद्यार्थ्याचा मेस्त्रेत पहिल्यांदा हिरमोड होतो. येथे कालवे आणि संगमरवरी महाल जवळजवळ नाहीत. रुंद रस्ते, गाड्यांची वर्दळ आणि युद्धोत्तर काळात घाईने उभ्या राहिलेल्या इमारती आहेत. काही आठवड्यांत मात्र त्याच्या लक्षात येते की, किराणा, शिंपी, सायकल दुरुस्ती, दवाखाना, रविवारचे फुटबॉल या सामान्य नागरी जीवनाच्या गोष्टी येथे विपुल आहेत. बेटांवरून उठून गेलेली अनेक व्हेनिसकर कुटुंबेही आता येथेच राहतात.

भारतीय विद्यार्थ्याच्या दृष्टीने मेस्त्रेचे आणखी एक महत्त्व आहे. येथे बांगलादेशातून आलेल्या लोकांची मोठी वस्ती आहे. लगतच्या मार्गेरा येथील जहाजबांधणी कारखाना आणि बेटांवरील हॉटेले येथे त्यांतील अनेक जण काम करतात. स्थानकाच्या आसपासच्या दुकानांत तांदूळ, मसूर, हळद, हिरव्या मिरच्या आणि कोथिंबीर मिळते. व्हेनिसच्या उपाहारगृहांतील पाटे, गालिचे आणि टेबले ज्यांच्या श्रमांवर रोज मांडली जातात, ती माणसे सायंकाळी कोठे परततात, हे पर्यटकाला दिसत नाही. त्यांच्याच दुकानात डाळ घेणाऱ्या विद्यार्थ्याला ते कळते.

दोन दर, दोन वाटा

व्हेनिसमध्ये पर्यटक आणि स्थानिक यांच्यातील सीमारेषा प्रशासनानेही आखलेली आहे आणि विद्यार्थ्याला तिची जाणीव पहिल्या आठवड्यातच होते. वापोरेत्तो या प्रवासी बोटीचे पंचाहत्तर मिनिटांचे एकेरी तिकीट पर्यटकाला साडेनऊ युरोंना पडते. शहराचे प्रवासी ओळखपत्र असलेल्याला तोच प्रवास दीड युरोत करता येतो आणि विद्यार्थ्यांना मासिक पास सवलतीत मिळतो. ओळखपत्राची नोंदणी होईपर्यंत नवा विद्यार्थी पर्यटकच असतो. ती झाली की बोटीच्या यंत्रापुरता तो स्थानिक होतो.

25 एप्रिल 2024 पासून व्हेनिसने एका दिवसासाठी येणाऱ्या पर्यटकांकडून प्रवेश शुल्क घेण्यास सुरुवात केली. असे शुल्क आकारणारे जगातील पहिले मोठे शहर म्हणून त्याची नोंद झाली. पहिल्या वर्षी गर्दीच्या 29 दिवसांसाठी, सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळेत पाच युरो आकारण्यात आले आणि त्यातून सुमारे 24 लाख युरो जमा झाले. 2025 मध्ये दिवसांची संख्या 54 करण्यात आली आणि ऐनवेळी येणाऱ्यांसाठी दर दुप्पट झाला. रहिवासी, नोकरदार आणि शहरात शिकणारे विद्यार्थी यांना यातून वगळण्यात आले आहे. तपासणीत मात्र आपण विद्यार्थी असल्याचा पुरावा दाखवावा लागतो.

शुल्क सुरू झाले त्या दिवशी काही रहिवाशांनी निदर्शने केली. शहराला तिकीट लावले की ते संग्रहालय ठरते, असा त्यांचा आक्षेप होता. पालिकेचे म्हणणे असे की, गर्दी ओसरावी आणि येणाऱ्यांनी आधी नोंदणी करावी हा शुल्काचा हेतू आहे. 2024 मध्ये मार्गदर्शकासोबतच्या गटांना 25 जणांची मर्यादा आणि ध्वनिवर्धकांना बंदी घालण्याचे नियमही लागू करण्यात आले. त्याआधी, ऑगस्ट 2021 पासून प्रचंड प्रवासी जहाजांना सान मार्कोसमोरील जलमार्ग बंद झाला होता. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत 1987 पासून असलेल्या या शहराचा ‘धोक्यातील वारसा’ यादीत समावेश करण्याचा प्रस्ताव 2021 आणि 2023 मध्ये चर्चेला आला होता. दोन्ही वेळा तो मान्य झाला नाही.

नियमांपलीकडे चालण्याच्याही दोन रीती आहेत. व्हेनिसच्या गल्ल्या काही ठिकाणी इतक्या अरुंद आहेत की दोन माणसे जेमतेम समोरासमोर जाऊ शकतात. स्थानिक लोक उजव्या बाजूने, एकामागोमाग एक चालतात आणि पुलाच्या माथ्यावर थांबत नाहीत. थांबलेल्याला ‘पेर्मेस्सो’, म्हणजे ‘जरा वाट द्या’, असे म्हणून ते पुढे जातात. नवा विद्यार्थी आरंभी हा शब्द ऐकतो आणि काही महिन्यांनी स्वतः उच्चारू लागतो. स्थानकापासून रिआल्तोपर्यंत पिवळ्या पाट्यांनी दाखवलेली वाट सोडून समांतर गल्ल्यांतून जाण्याची सवय त्याला तोवर लागलेली असते. त्याच्या मनात शहराचा एक वेगळा नकाशा तयार होतो. कोणती वाट केव्हा तुंबते, कोणता पूल टाळावा आणि पाणी चढल्यावर कोणती गल्ली कोरडी राहते, हे त्या नकाशात असते.

दुसरे शहर वेळेत दडलेले

पर्यटकांपासून दूर असलेले ‘खरे’ व्हेनिस कोठे आहे, असे नवे विद्यार्थी विचारतात. कान्नारेजोचा उत्तर भाग, कास्तेल्लोचे पूर्व टोक, जुदेक्का बेट अशी नावे सांगितली जातात आणि ती चुकीची नाहीत. तरीही ठिकाणापेक्षा वेळेचा फरक अधिक मोठा आहे. एकाच चौकात सकाळी सात वाजता एक शहर असते आणि अकरा वाजता दुसरे.

रिआल्तोचा मासळी बाजार याचे ठळक उदाहरण आहे. शतकानुशतके चालत आलेल्या या बाजारात भल्या सकाळी खाडीतले खेकडे, माकुळ आणि कोळंबी मांडली जाते. आजीबाई चाकांची पिशवी ओढत येतात, विक्रेत्याशी घासाघीस करतात आणि घरी परततात. उन्हे वर येताच कॅमेरे येतात आणि गिऱ्हाइकांना ओट्यापर्यंत पोहोचणे कठीण होते. पाहणारे वाढले आणि विकत घेणारे कमी झाले, अशी या बाजाराची अवस्था आहे. विक्रेत्यांची संख्या अनेक वर्षांपासून रोडावते आहे. कान्नारेजोतील ‘तेआत्रो इतालिया’ हे जुने चित्रपटगृह 2016 मध्ये सुपरमार्केट झाले. भित्तिचित्रांनी सजलेल्या छताखाली आज दूध आणि पाव विकला जातो. पर्यटक छत पाहायला आत येतात, विद्यार्थी सवलतीतला पाव शोधायला.

व्हेनिसमधील चौकाला ‘कांपो’ म्हणतात. कांपो म्हणजे शेत. एकेकाळी या मोकळ्या जागांत गवत उगवत असे आणि मध्यभागी विहीर असे. ‘पियात्सा’ हा मान केवळ सान मार्को चौकाला आहे. दोर्सोदुरो भागातील कांपो सांता मार्गेरिता हा विद्यार्थ्यांचा चौक. दिवसा तेथे भाजीचे आणि मासळीचे गाडे लागतात, शाळा सुटल्यावर मुले चेंडू खेळतात आणि रात्री विद्यार्थ्यांचे घोळके जमतात. जवळच, मुष्टियुद्धाच्या जुन्या प्रथेवरून नाव पडलेल्या पुलाशेजारी भाजी विकणारी बोट बांधलेली असते. लहान मद्यगृहांना ‘बाकारो’ म्हणतात. तेथे उभ्याने खाण्याचे पदार्थ म्हणजे ‘चिक्केत्ती’ आणि द्राक्षमद्याचा लहान पेला म्हणजे ‘ओंब्रा’, अर्थात सावली. दिवसभराचे काम आटोपून घरी जाण्यापूर्वी तेथे घटकाभर थांबून गप्पा मारणे ही स्थानिकांची रीत आहे.

ऋतूंचेही असेच आहे. फेब्रुवारीतील मुखवट्यांचा कार्निव्हल जगभर प्रसिद्ध आहे. दीर्घ खंडानंतर तो 1979 मध्ये पुन्हा सुरू करण्यात आला आणि आज तो प्रामुख्याने पाहुण्यांचा उत्सव झाला आहे. 21 नोव्हेंबरला साजरा होणारा ‘सालूते’ मात्र गावाचा स्वतःचा सण आहे. 1630-31 च्या प्लेगच्या साथीत शहराने नवस बोलला आणि साथ ओसरल्यावर माता मेरीचे भव्य चर्च बांधले. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी ग्रँड कॅनॉलवर तात्पुरता पूल टाकला जातो. मेस्त्रेहून, आसपासच्या गावांहून कुटुंबे येतात, मेणबत्ती लावतात आणि वाळवलेल्या मटणाचा व कोबीचा रस्सा खातात. शाळा आणि कार्यालयांना सुट्टी असते. नवस फेडण्याची ही परंपरा भारतीय विद्यार्थ्याला परकी वाटत नाही. धुक्याच्या त्या दिवशी त्याला व्हेनिसमध्ये बहुधा पहिल्यांदाच आजोबा-आजी, आई-वडील आणि नातवंडे एकत्र चालताना मोठ्या संख्येने दिसतात.

पाणी चढते तेव्हा

शरद ऋतूत आणि हिवाळ्यात खाडीचे पाणी चढते. त्याला ‘आक्वा आल्ता’ म्हणतात. सखल असलेल्या सान मार्को चौकात पाणी प्रथम येते. पर्यटकांसाठी तो छायाचित्राचा विषय असतो. तळमजल्यावर दुकान किंवा घर असलेल्यासाठी तो फरशी, भिंती आणि विजेच्या तारा वाचवण्याचा प्रश्न असतो. भरतीचा अंदाज मोबाइलवर पाहणे, भोंग्याचे सूर ओळखणे आणि दाराशी रबरी बूट ठेवणे विद्यार्थीही शिकतो.

12 नोव्हेंबर 2019 च्या रात्री पाणी 187 सेंटिमीटरवर पोहोचले. 4 नोव्हेंबर 1966 रोजी नोंदलेल्या 194 सेंटिमीटरनंतरची ती सर्वोच्च पातळी होती. दुसऱ्या दिवसापासून शेकडो तरुण बूट घालून रस्त्यावर उतरले. त्यांत विद्यापीठांचे विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. त्यांनी ग्रंथालयांतील भिजलेली पुस्तके उचलली, दुकाने झाडली, वृद्धांच्या घरांतील ओले सामान बाहेर काढले. या तरुणांना ‘आक्वा आल्ताचे देवदूत’ असे नाव मिळाले. ज्यांना शहरात राहायला घर मिळत नव्हते, अशांपैकी अनेक जण ते शहर कोरडे करत होते. 3 ऑक्टोबर 2020 रोजी ‘मोसे’ या समुद्री फाटकांचा पहिल्यांदा प्रत्यक्ष वापर झाला आणि तेव्हापासून मोठ्या भरत्या खाडीच्या तोंडाशी अडवल्या जात आहेत.

इंग्रजीचे कवच

पर्यटननगरीत शिकणाऱ्याला भाषेचा एक विचित्र अनुभव येतो. हॉटेल, दुकान, स्थानक येथे सर्वांना इंग्रजी येते, त्यामुळे इटालियन न शिकताही दिवस निघतो. का फोस्कारीत पदव्युत्तर स्तरावरील अनेक अभ्यासक्रम इंग्रजीतून शिकवले जातात. एका सत्रासाठी आलेला विद्यार्थी या कवचातच राहून परत जाऊ शकतो. खाडीतील सान सेर्वोलो या बेटावर, एकेकाळच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, 1995 मध्ये स्थापन झालेले आंतरराष्ट्रीय विद्यापीठ आहे. तेथील वसतिगृहात राहणाऱ्यांना बोटीने दहा मिनिटांवर शहर मिळते आणि सायंकाळी बेटाची शांतताही. ही सोय मोठीच आहे. पण कचरा कोणत्या वारी द्यायचा, यावरून शेजाऱ्याशी बोलण्याचा प्रसंग तेथे येत नाही.

व्हेनिसमध्ये कचरा नेण्यासाठी गाड्या येत नाहीत. कर्मचारी सकाळी दारावर येतात किंवा रहिवासी काठावर लागलेल्या बोटीकडे पिशवी नेऊन देतात. कोणता कचरा कोणत्या दिवशी, हे चुकले की शेजारी बोलतात. भाडेकरार, डॉक्टर, टपाल कार्यालय, नळदुरुस्ती या सर्व ठिकाणी इंग्रजी अपुरी पडते. त्याखाली आणखी एक थर व्हेनेशियन बोलीचा आहे. रस्त्यांची नावे, शिव्या, लाडाचे शब्द त्याच बोलीतले. जगभर पोहोचलेला ‘चाओ’ हा शब्दही याच बोलीची देणगी. त्याचा मूळ अर्थ ‘मी आपला दास’ असा होता. बाजारात चार वाक्ये इटालियनमध्ये आणि एखादा शब्द बोलीत बोलणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याकडे विक्रेता गिऱ्हाईक म्हणून पाहू लागतो, असा तेथील सर्वसाधारण अनुभव आहे.

भारतीय विद्यार्थ्यांनी काय ध्यानात घ्यावे

युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्याला इटलीत आल्यापासून आठ कामकाजी दिवसांत निवास परवान्यासाठी टपाल कार्यालयातून अर्ज करावा लागतो. पुढे बोटांचे ठसे घेतले जातात आणि प्रत्यक्ष परवाना हाती येण्यास अनेकदा काही महिने लागतात. कर क्रमांकाशिवाय करार किंवा बँक खाते होत नाही. यांतील अनेक टप्प्यांवर पत्ता लागतो. पर्यटकांच्या शहरात पत्ता मिळवणेच कठीण असल्याने घराचा शोध प्रवेश निश्चित होताच सुरू करणे हिताचे ठरते. प्रत्यक्ष घर किंवा नोंदणीकृत करार पाहिल्याशिवाय आगाऊ रक्कम न पाठवणे आणि विद्यापीठाच्या निवास विभागामार्फत चौकशी करणे हे दोन नियम पाळण्याजोगे आहेत. करार उन्हाळ्यात संपतो की नाही, हेही विचारून घ्यावे.

इटलीत परदेशी विद्यार्थ्याला आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करण्याची मुभा आहे. व्हेनिसमध्ये हे काम बहुतेक वेळा हॉटेल, उपाहारगृह किंवा प्रदर्शनाच्या ठिकाणी मिळते. ज्या पर्यटनामुळे खोली महाग होते, त्याच पर्यटनातून त्या खोलीचे भाडे भागते, अशा पेचात विद्यार्थी सापडतो. भारत आणि इटली यांच्यात नोव्हेंबर 2023 मध्ये झालेल्या स्थलांतर व गतिशीलता करारानुसार शिक्षण पूर्ण केलेल्या भारतीय विद्यार्थ्यांना प्रारंभिक व्यावसायिक अनुभवासाठी बारा महिन्यांपर्यंत तात्पुरत्या वास्तव्याची तरतूद आहे. हे एक वर्ष व्हेनिसमध्ये काढता येईल की नाही, हे पुन्हा घर आणि पर्यटनाबाहेरील रोजगार यांवर अवलंबून राहते.

राहणारे की जाणारे

विद्यार्थ्यांमुळे शहर जिवंत राहते, या मताला दुसरी बाजूही आहे. कांपो सांता मार्गेरिताभोवती राहणाऱ्या वृद्धांना रात्रीच्या गोंगाटाचा त्रास होतो आणि त्याबाबत तक्रारी होत आल्या आहेत. एका घरात चार-पाच विद्यार्थी मिळून जे भाडे देतात, ते एका कुटुंबाला परवडत नाही. विद्यार्थी दोन-तीन वर्षांनी निघून जातो. शाळेचे वर्ग आणि बालरोगतज्ज्ञाचा दवाखाना टिकण्यासाठी मुलाबाळांची कुटुंबे लागतात. म्हणूनच शिकून झालेल्यांना थांबवता येईल का, हा प्रश्न व्हेनिसमध्ये आता विद्यापीठांच्या पातळीवरही विचारला जात आहे. का फोस्कारी विद्यापीठाच्या पुढाकाराने 2021 मध्ये सुरू झालेला, कोठूनही काम करू शकणाऱ्यांना शहरात वसवण्याचा प्रकल्प याच विचारातून आला.

पदवी मिळाल्यावर डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट घालून मित्रांसह गल्ल्यांतून मिरवण्याची येथे प्रथा आहे. का फोस्कारीचा पदवीदान सोहळा तर सान मार्को चौकात होतो. खुर्च्यांच्या रांगांत पदवीधर बसतात आणि दोरीपलीकडे पर्यटक उभे राहून त्यांची छायाचित्रे घेतात. एरवी गर्दी टाळण्यासाठी ज्या चौकाकडे फिरकायचे नाही, असे ठरवलेले असते, त्याच चौकात विद्यार्थ्याला त्या दिवशी बसायला हक्काची जागा मिळते. सोहळा आटोपला की त्यांतील बरेच जण सांता लुचियाकडे निघतात आणि मेस्त्रेला जाणारी गाडी पकडतात. त्यांतील किती जणांना परत येऊन येथे घर करता येईल, यावर औषधाच्या दुकानातील फलकाचा पुढचा आकडा काही अंशी तरी ठरणार आहे.